घमेल्याखालचा डाव

रुग्णालयाच्या धुलाईघरात दोन वस्तूंना कुणी हात लावत नसे. एक बॉयलरचा लाल व्हॉल्व्ह, आणि दुसरं खिडकीखालच्या टेबलावर पालथं घातलेलं पत्र्याचं घमेलं. व्हॉल्व्हला हात लावला तर हात भाजे. घमेल्याला लावला तर बॉयलरमामा भाजून काढत. नवा माणूस कामाला आला, की साबणाचं माप दाखवायच्या आधी त्याला हे घमेलं दाखवलं जाई. "वर वीट आहे, दिसली ना? ती तिथंच राहिली पाहिजे."

घमेल्याखाली बुद्धिबळाचा डाव असे.

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. दहा मिनिटांत डबा आटोपायचा, वीस मिनिटं खेळायचं, आणि घंटा झाली की मोहरे जिथल्या तिथं ठेवून वर घमेलं झाकायचं. ज्याची खेळी असेल त्यानं ती उद्या करायची. घरी जाऊन हवा तेवढा विचार करा, भिंतीशी बोला, स्वप्नात खेळा. पण मोहऱ्याला हात उद्याच. असा एकेक डाव आठवडा आठवडा चाले, मंद आचेवर ठेवल्यासारखा.

खेळणारी दोघंच. एक बॉयलरमामा. साठीला टेकलेले, अंगानं काटकुळे; भुवया पांढऱ्याशुभ्र. वाफेनं पांढऱ्या झाल्या असं ते सांगत, आणि नवी माणसं खरं मानत. दुसरी घडीवाली. दहा वर्षं ती चादरींच्या घड्या घालत होती. रोलरमधून गरम चादर बाहेर आली की दोन कोपरे हिच्या हातात, दोन समोरच्या जोडीदारणीच्या. जोडीदारणीला सगळे रेडिओ म्हणत, कारण तिला बंद करायचं बटण नव्हतं. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, दोघी पुढे येत, मागे जात, पुन्हा पुढे येत. चारशे चादरी सकाळी, चारशे दुपारी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बायका फेर धरून नाचताहेत.

घड्या संपल्या की घडीवाली बॉयलरखोलीत जाई. सहा वर्षं जात होती. पाण्याच्या काचेत पाणी किती, दाबाचा काटा कुठं थरथरतोय, पंप कण्हतोय की गातोय, हे तिला मामांइतकंच कळे. मामा म्हणत, "हिला डोळे बांधून उभी करा, नुसत्या वासावर सांगेल बॉयलर रुसलाय की हसतोय."

पण बॉयलर चालवायचा परवाना नव्हता. परीक्षेला दोनदा बसली, दोनदा नापास झाली. येत नव्हतं म्हणून नव्हे. पहिल्या खेपेला परीक्षकानं विचारलं, "काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय कराल?" तिनं बरोबर सांगितलं. परीक्षकानं चष्म्यावरून बघत नुसतं म्हटलं, "नक्की?" एवढंच. आणि ही बाई, जी रोज ते पाणी डोळ्यांत तेल घालून बघत होती, ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "नाही साहेब, माहीत नाही." दुसऱ्या खेपेलाही तेच, प्रश्न वेगळा.

तिचा खेळही तसाच. एक घोडा गेला की राजा आडवा. "हरले, मामा." पटावर अर्धी फौज उभी असायची, आणि सेनापती घरी निघालेला.

त्या आठवड्यात शुक्रवारी मामा निवृत्त होणार होते. बॉयलरवर त्यांच्या जागी कुणीतरी लागणारच होतं. घडीवालीला परवाना मिळेपर्यंत महिनाभर बदली माणूस ठेवायला धुलाईघराचे साहेब तयार होते, पण परीक्षेचा अर्ज शुक्रवारी पाचच्या आत द्यायला हवा होता. अर्जावर एक सही मामांची लागायची: हिनं माझ्या हाताखाली काम केलं आहे. मामांनी अर्ज आणून बॉयलरखोलीच्या खिळ्याला टांगला होता. घडीवाली येता जाता त्याच्याकडे पाठ करून चालत होती.

"दोनदा नाक कापून घेतलं," ती म्हणाली होती. "तिसऱ्यांदा कापायला उरलंय काय?"

सोमवारी डाव ऐन रंगात असताना तिचा हत्ती गेला. मग मामांचाही गेला. झाडू मारल्यासारखा पट साफ झाला. उरलं काय, तर मामांचा राजा, वजीर आणि एक प्यादं. आणि हिच्याकडे राजा आणि वजीर. तिचा वजीर म्हणजे खरं तर सहा कडांचा लोखंडी नट. काळा वजीर दोन वर्षांपूर्वी मोरीत गेला, तेव्हापासून हा नट त्याची नोकरी करत होता.

घडीवालीनं राजाच्या डोक्याला बोट लावलं. आडवा करणार, तोच मामांनी आपला पंजा तिच्या राजावर छत्रीसारखा धरला.

"थांब."

"थांबू काय? तुमच्याकडे प्यादं आहे, माझ्याकडे नाही. ते चालत जाणार, पलीकडे पोचून वजीर होणार, मग दोन वजीर मिळून माझा चट्टामट्टा करणार. मेलाय हा डाव."

"मेला असेल तर मला मारू दे की. तू का मारतेस? माझं काम तू करायचं नाही."

रेडिओ शेजारीच सफरचंद खात होती. "खरंय मामा. ही स्वतःच्याच डावाला खांदा द्यायला पहिली उभी."

घडीवालीला राग आला. रागात माणूस बोलतं ते मग चघळत बसावं लागतं. ती म्हणाली, "बरं! हा डाव वाचला ना, बरोबरीत जरी सुटला ना, तरी तो तुमचा अर्ज भरते. झालं?"

मामांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. "नक्की?"

"नक्की काय त्यात? वाचणारच नाहीये."

"मी ऐकलंय हं," रेडिओ म्हणाली. "आणि मी ऐकलं म्हणजे साऱ्या धुलाईघरानं ऐकलं."

"पण मामा," घडीवालीनं बोट रोखलं, "मुद्दाम सोडायचा नाही. तुम्हाला अर्ज भरून हवाय, मला ठाऊक आहे. दया म्हणून दिलेला डाव मी घेणार नाही. कळलं तर अर्ज चुलीत."

मामा दुखावले. "अगं, मी माझ्या बायकोला कधी डाव सोडला नाही, तुला सोडू?"

हे मात्र खरं होतं. मामी तीस वर्षं मामांशी बुद्धिबळ खेळल्या नव्हत्या, त्याचं कारण हेच.

मंगळवारी तिनं मनाला पहिलं सुचलं ते केलं. मामांचं प्यादं तिच्या बाजूला, काठापासून दुसऱ्या ओळीतून वर येत होतं. तिनं आपला राजा त्याच्याकडे पळवला. चोर शिरतोय म्हटल्यावर घरधनी दाराकडेच धावणार ना! पण राजा जवळ गेला आणि घोटाळा झाला. नटानं शह द्यावा, तर वाटेत आपलाच राजा. दुसरीकडून द्यावा, तर मामा आपला वजीर मध्ये घालत आणि उलट हिच्याच राजाला शह बसे. घंटा झाली तेव्हा प्यादं दोन घरं पुढे गेलेलं, आणि हिच्या राजाला धड उभं राहायला जागा नाही.

"उद्या संपेल बहुतेक," मामा म्हणाले. एका हातानं घमेलं झाकत होते, दुसरा हात खिशात काहीतरी चाचपत होता.

"मामा, खिशात काय वाजतंय हो दोन दिवस?" रेडिओनं विचारलं. "दात पडले का?"

"पडले तर आधी तुला चावेन," मामा म्हणाले, आणि हात खिशातून काढला नाही.

घरी संध्याकाळी स्वयंपाकघरात तिघं होती. खोली एवढीशी, की एकानं श्वास घेतला तर दुसऱ्यानं सोडावा. सासूबाई ओट्याशी मटार सोलत होत्या. घडीवाली भांडी घासत होती. तिचा नवरा घरं रंगवण्याचं काम करी. ताडासारखा उंच, केसांत कालचा पिवळा आणि आजचा निळा. बायकोचं तोंड उतरलेलं बघून त्याला मदतीची हुक्की आली. ताट घ्यायला इकडे वळला, तर कोपर फळीला. पाणी द्यायला तिकडे वळला, तर मटाराचं टोपलं कलंडलं. सासूबाईंना फोडणीकडे जायचं होतं, तर हा मध्ये. बायकोला नळाकडे, तर हा मध्ये.

"अरे बाबा," सासूबाई म्हणाल्या, "तुझी मदत म्हणजे दारात उभं राहून वाट दाखवणं. खरंच मदत करायचीय?"

"हो ना, आई."

"मग त्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बस. पार लांब. पाय पोटाशी घे."

तो बिचारा गेला, पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसला. आणि काय चमत्कार, त्याच स्वयंपाकघरात दोन बायकांचे हात भिंगरीसारखे फिरायला लागले. सासूबाईंना कुठल्याही गोष्टीवर दोन ओळी जुळवायची सवय. मटार सोलता सोलता त्या गुणगुणल्या:

जवळ उभा राहे, त्याचा नुसता अडथळा
लांब जाऊन बसे, त्याचा आधार आगळा

घडीवालीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. नळ वाहत राहिला.

"सूनबाई, पाणी."

"आई, पुन्हा म्हणा."

"पुन्हा कसं म्हणू? आलं नि गेलं. मी काय लिहून ठेवते?"

घडीवालीनं कोपऱ्यातल्या नवऱ्याकडे बघितलं. तो गुडघ्यांवर हनुवटी ठेवून तिच्याकडेच बघत होता, रंगलेला, लांब, कुणाच्याही वाटेत नसलेला.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही राजा आहात."

"आं?" नवरा लाजला. सासूबाईंनी मटाराची शेंग उगाचच जोरात मोडली.

बुधवारी तिनं दार सोडलं. मामांनी शह दिला की तिचा राजा प्याद्यापासून एक घर लांब. पुन्हा दिला की आणखी एक घर लांब. चोराकडे पाठ करून घरधनी निघाला होता. रेडिओनं कपाळावर हात मारला. "अगं, हा कुठं चालला? फिरायला?"

"कोपऱ्यात बसायला."

पार पलीकडे, मामांच्या मांडीजवळचा कोपरा. राजा जसजसा लांब गेला तसतसा पट मोकळा झाला, आणि नटाला पाय फुटले. शह. मामांचा राजा सरकला. शह. पुन्हा सरकला. आडवा शह, तिरपा शह, पट ओलांडून लांबून शह. प्याद्याला पाऊल टाकायला उसंत मिळेना, कारण दर खेपेला आधी राजाला सावरावं लागे. घंटा झाली तेव्हा प्यादं जिथं होतं तिथंच होतं.

घमेलं झाकायच्या आधी मामांनी पटाकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर घडीवालीनं सहा वर्षांत फक्त बॉयलरच्या काट्याकडे बघताना पाहिली होती.

त्या दिवशी घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की आपण चालता चालता बोटांवर घरं मोजतोय. आणि तिला भीतीच वाटली. हरण्याची सवय होती, तिचं काही नव्हतं. हा डाव वाचावा असं आपल्याला मनापासून वाटतंय, ही भीती नवी होती. हवं वाटलं, की हरण्याला दात येतात.

मामाही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. गुरुवारी त्यांनी घाई केली नाही. राजाला एकेक पायरी चढवत शहांच्या पावसातून प्याद्याच्या मागे नेला, प्याद्याला शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर आणला, आणि राजा स्वतः त्याच्या शेजारच्या कोपऱ्यात, भिंतीशी दडला. आता गंमत बघा: मामांचा राजा घडीवालीच्या मांडीजवळच्या कोपऱ्यात, घडीवालीचा मामांच्या. दोघं पाहुणे म्हणून एकमेकांच्या घरी जाऊन बसल्यासारखे. मग मामांनी आपला पांढरा वजीर आणून तिच्या राजापासून घोड्याच्या उडीवर उभा केला. तिच्या राजाला तीन घरं होती. तिन्ही घरांवर त्या वजिराची नजर. शह नाही, पण हलायलाही वाव नाही.

"उद्या," मामा म्हणाले. घंटा झाली. घमेलं, वर वीट.

दुपारच्या चारशे चादरी सुरू झाल्या. खेळी तिची होती. दोन शह तिला दिसत होते, त्यापुढे अंधार. दोन शहांनंतर प्यादं वजीर होणार. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ. राजाला हलता येत नाही. पुढे, मागे. राजाला मुळीच हलता येत नाही. हलतो तो फक्त नट. पुढे, मागे. आणि नट नसताच तर?

चादर अर्धवट घडीत थांबली.

राजाला शह नाही, आणि हलायला घर नाही, आणि दुसरं हलवायला काहीच नाही, तर त्याला म्हणतात जिच. जिच झाली की डाव बरोबरीत. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

"रेडिओ," ती हळूच म्हणाली, "तुझ्याकडचं एकुलतं एक तू स्वतःहून फेकून दिलंस तर काय होईल?"

"एकुलतं एक म्हणजे? नवरा का?" रेडिओ उजळली. "तसं सरळ बोल ना! कधी फेकायचा?"

घडीवाली इतकी हसली, की चादर खाली पडून पुन्हा धुवायला गेली.

पण हसणं रोलरच्या वाफेसारखं विरलं, आणि हिशेब उरला. नट असा ठेवायला हवा, की मामांचं प्यादं वजीर झाल्याबरोबर तो मामांच्या राजाला जाऊन चिकटेल. त्यासाठी आधी शह थांबवावे लागणार. एक शांत खेळी. आणि त्या शांत खेळीला मामांकडे साधं उत्तर होतं: वजीर करायच्या आधी एक शह द्यायचा, हिचा राजा कोपऱ्यातून हलवायचा, मग वजीर करायचा. एवढं केलं की संपलं. मामांना ते दिसणार नाही? मामांना? छे. पण दुसरी वाट तिला दिसत नव्हती, आणि राजा आडवा करायला बोट उठत नव्हतं.

शुक्रवारी टेबलाभोवती सात-आठ जणं डबे घेऊन उभी राहिली. इस्त्रीवाला होता, गाडा ढकलणारा होता, साहेबांची कारकूनबाई सुद्धा "सहजच" आली होती. रेडिओनं प्रसारण चोख केलं होतं. मामा नवा शर्ट घालून आले होते. खिसा मात्र जुन्यासारखाच फुगलेला. त्यांनी वीट उतरवली, घमेलं उचललं.

घडीवालीनं नट उचलला. सगळ्यांना शह अपेक्षित होता; तिनं तो दिला नाही. नट पटाच्या मध्यावर ठेवला, जवळजवळ उगाच, घामाघूम झालेला माणूस बाकावर टेकतो तसा. हात मात्र अजून नटावरच होता.

मामांनी पटाकडे बघितलं. मग तिच्याकडे. पांढऱ्या भुवया चढल्या.

"नक्की?"

तोच सूर. मामा गमतीत म्हणत, परीक्षक चष्म्यावरून म्हणाला होता. बोटांखाली नट थंड होता. परत घ्यावा? दोन शह आहेत अजून. दोन शह म्हणजे दोन मिनिटं जास्त. कुणी हसणार नाही.

तिनं हात उचलला. "नक्की."

"शह संपले वाटतं," इस्त्रीवाला कुजबुजला.

मामांनी दीर्घ श्वास सोडला. त्यांचा हात खिशात गेला आणि यावेळी रिकामा आला नाही. तळहातावर पितळेचा वजीर होता. लेथवर घडवलेला, कमरेला बारीक वळ्या, डोक्यावर कातरलेला मुकुट; घासून घासून असा उजळला होता, की खिडकी त्याच्या पोटात दिसत होती.

"तीन आठवडे घासतोय," मामा म्हणाले. "म्हटलं, इथल्या शेवटच्या डावात माझं प्यादं वजीर होईल, तेव्हा त्याच्या जागी नेहमीसारखं बाटलीचं मोडकं बूच नको. खरा वजीर ठेवायचा. नोकरीला तेहेतीस वर्षं झाली की."

सगळे "वा, मामा!" म्हणाले. मामांनी प्यादं उचललं आणि पुढच्या, शेवटच्या घरात, आपल्या राजाच्या शेजारी, पितळी वजीर ठेवला. हलकेच फिरवून मुकुट समोर केला. लहान मूल झोपवावं तसा हात काढला.

घडीवालीच्या कानांत पंप सुरू झाला. आधी शह दिला नाही. मामांनी आधी शह दिला नाही.

तिनं नट उचलला, तिरका नेला, आणि मामांच्या राजाच्या अगदी अंगाला लावला. पितळी वजिराच्याही हाताशी.

"शह."

"अगं बाई," रेडिओ किंचाळली, "फुकट मारतील ना तो!"

"मारू देत."

मामांचा हात राजाकडे गेला. थांबला. मग पितळी वजिराकडे गेला. थांबला. मामांच्या राजाला पळायला घर नव्हतं, नट मारायलाच हवा. राजानं मारा नाहीतर वजिरानं मारा. पलीकडच्या कोपऱ्यात तिचा राजा तस्साच बसून राहणार, पाय पोटाशी घेऊन. शह नाही, घर नाही, हलवायला दुसरं काही नाही.

मामांनी राजानं नट मारला आणि तो टेबलावर ठेवला. नट गडगडत घमेल्याशी जाऊन थांबला.

"जिच," घडीवाली म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला.

"म्हणजे हरली का जिंकली?" कारकूनबाईंनी विचारलं.

"वाचली," इस्त्रीवाला म्हणाला.

घडीवाली मामांकडे बघत होती. आता ते मिशीत हसतील, डोळा मिचकावतील, आणि तिला कळेल की दिलं, दयेनं दिलं. मग तो अर्ज चुलीत. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

मामांचे कान लाल झाले होते. मग मान लाल झाली. मग ते उठून उभे राहिले.

"एक शह!" ते ओरडले. "एकच शह द्यायचा होता आधी! राजा हलला असता! शेंबड्या पोरालाही दिसलं असतं! आणि मी... मी हे पितळ मिरवायच्या नादात..." त्यांनी टेबलावर थाप मारली, तसा पितळी वजीर उडाला. "जिंकलेला होता डाव! चार दिवस जिंकलेला होता!"

"अहो मामा," रेडिओ म्हणाली, "तुम्हाला तर आनंद व्हायला हवा. ती अर्ज भरणार आता."

"अर्ज भरणार ते भरू दे! डाव माझा होता!"

ते खिडकीकडे तोंड करून बसले. कारकूनबाईंनी चहा पुढे केला, तो घेतला नाही. मानेवरची शीर अजून उडत होती. असलं सोंग कुठल्याही माणसाला वठवता आलं नसतं, आणि मामांना तर साधं खोटं हसूही जमत नसे.

घडीवालीला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग दोन्ही एकदम. आपण वाचलो होतो. कुणी वाचवलं नव्हतं.

ती बॉयलरखोलीत गेली, खिळ्यावरचा अर्ज काढला, पट बाजूला सारून टेबलावर पसरला, आणि एकेक रकाना भरला. नाव, वय, कामाची वर्षं. 'याआधी परीक्षेस बसला आहात काय' इथं तिनं ठळक अक्षरात लिहिलं: होय, दोनदा. मग अर्ज आणि पेन मामांच्या पुढे सरकवलं.

मामांनी तिच्याकडे न बघता सही केली. पेन इतकं दाबलं, की सही खालच्या टेबलावरही उमटली. अर्ज मात्र सोडला नाही. त्याचा एक कोपरा धरूनच, खिडकीबाहेर बघत, ते गुरगुरले:

"काचेत पाणी दिसेनासं झालं. काय करशील?"

"आधी जाळ बंद. घाबरून पाणी सोडायचं नाही. तापलेल्या लोखंडावर गार पाणी गेलं तर बॉयलर फाटेल. जाळ बंद करून निवू द्यायचं, माणसं बाहेर काढायची, वरच्याला कळवायचं."

आता मामा वळले. पांढऱ्या भुवया सावकाश चढल्या, अर्ध्या कपाळावर गेल्या.

"नक्की?"

अर्जाचा दुसरा कोपरा तिच्या हातात होता. दहा वर्षं कोपरे धरलेला हात; तो हलला नाही.

"नक्की," ती म्हणाली.

मामांनी अर्ज सोडला. तिनं त्याची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, आणि कारकूनबाईंच्या हातात दिली. मंडळी पांगली. रेडिओ साऱ्या धुलाईघराला बातमी द्यायला पुढे गेली.

मामा अजून घुश्शातच होते. पण त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि पट ओढून मोहरे मांडायला घेतले. आपले पांढरे मांडले. मग तिचे काळे: प्यादी, हत्ती, घोडे, उंट, राजा. राजाच्या शेजारचं घर रिकामं राहिलं. घडीवालीनं घमेल्याशी पडलेला नट उचलला, तशी मामांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि खिशात टाकला. त्या घरात त्यांनी पितळी वजीर ठेवला, मुकुट तिच्याकडे करून.

"मामा, हा तुमचा..."

"हात चालव," मामा म्हणाले. "अजून सात मिनिटं आहेत. आणि यावेळी मी आधी शह देणार आहे, सांगून ठेवतो."

"पण मामा, घंटा झाल्यावर? उद्या तर तुम्ही..."

मामांनी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं.

"उद्यापासून मला वेळच वेळ आहे," ते म्हणाले. "सुट्टीत येत जाईन. घमेलं तेवढं झाकून ठेव."